व्हाइट लायची पाच वाक्यं

— नाही वहिनी, मान मागे घेऊ नका, हनुवटी तिथेच राहू द्या, कपाळ वरच्या पट्टीला टेकलेलं पाहिजे — हां, असं. आणि बोलू नका. बोललं की जबडा हलतो, जबडा हलला की डोळा हलतो, मग मला आतलं काही दिसत नाही. तुम्हाला काय म्हणायचंय ते माझ्या लक्षात आलंय, दोनदा सांगितलंत तुम्ही, एकदा दारात उभं राहून आणि एकदा खुर्चीत बसून. उद्या अकरा वाजता कोर्ट आहे. मिस्टर चार महिने आत आहेत. वकील म्हणतो, त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीचं कार्ड मिळालं तर सुटतील, नाहीतर पाच वर्षं. बरोबर ना? मान हलवू नका. पापणी मिटली तरी मला कळतं. कार्डाचं बघू आपण, मी कुठे नाही म्हणतोय? पण मघाशी तो कोर्टाचा कागद तुम्ही हात लांब करून वाचत होतात, म्हटलं बाई आलीच आहे तर डोळे बघून घेऊ. पैसे नको, पैशांचं नावसुद्धा काढू नका. तुमचे मिस्टर अकरा वर्षं येत होते या खुर्चीत. थांबा, दार लावून घेतो. रस्त्याचा उजेड आत आला की बाहुली लहान होते. — आता दिवा बंद करतो, घाबरू नका. हा बारीक उजेड दिसतोय ना, त्याच्याकडे बघत राहा.

छान. स्वच्छ डोळे आहेत तुमचे. रडून रडून पापण्या सुजल्यात, पण आतून स्वच्छ. काय आहे वहिनी, माणसाचा चेहरा काहीही सांगू दे, या यंत्रातून बघितलं की बाहुली फसवत नाही. भीती वाटली की मोठी होते. कुणी आवडीचं समोर आलं की मोठी होते. चाळीस वर्षं मी हेच बघत आलो. लोक समोर बसून मला सांगतात, काका, काही त्रास नाही, अगदी बारीक अक्षर दिसतं — आणि मला दिसतं की धादांत खोटं बोलतोय. मी काही बोलत नाही. त्याला बोलू देतो. कारण तोही घरून ठरवून आलेला असतो की मन घट्ट करायचं, आणि मीही ठरवलेलं असतं. दोघंही एकमेकांचं मन राखतो. याला इंग्रजीत शब्द आहे. मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हता, नातीनं सांगितला. व्हाइट लाय. पांढरं खोटं.

म्हणजे काय — तर तिला शाळेत पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. आता ती आठवीत, आईबाप दोघं कामावर, मग गृहपाठ माझ्याकडे, इथे, या काउंटरवर, चष्म्याच्या डब्या बाजूला सारून. मी म्हटलं, बाळ, आधी अर्थ सांग. तर म्हणे, आजोबा, जे खोटं कुणाच्या भल्यासाठी बोलतात, ज्यानं कुणाचं वाईट होत नाही, छोटंसं, निरुपद्रवी, ते व्हाइट. मी म्हटलं आणि बाकीचं? बाकीचं नुसतं खोटं. त्याला रंग नाही. मला हे फार आवडलं वहिनी. खरंच सांगतो, त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं. आपल्याकडे बघा, थाप आहे, बाता आहेत, लोणकढी आहे, बनवाबनवी आहे — सगळे शब्द बोट दाखवणारे. फार तर म्हणतो, वेळ मारून नेली. पण त्यातही मारणं आहेच. आणि मी जे जन्मभर करत आलो त्याला मी मनातल्या मनात काय म्हणायचो माहितेय? काहीच नाही. नाव नव्हतं त्याला. रात्री जेवून आडवं झालं की ते बिननावाचं छातीवर येऊन बसायचं. आणि आठवीतली पोर येऊन सांगते की आजोबा, याला नाव आहे, आणि ते पुस्तकातलं आहे.

मग बसलो आम्ही वाक्यं करायला. पहिलं तिचंच — आईची आमटी खारट झाली होती तरी बाबा म्हणाले छान झालीय. दुसरं — मैत्रिणीचा फ्रॉक आवडला नाही तरी आवडला म्हटलं. तिसरं — पाहुणे म्हणाले आम्ही जेवूनच आलोय. चौथं काही सुचेना, तेव्हा मी सांगितलं. म्हटलं, लिही — आजोबांनी त्या माणसाला सांगितलं, तुमचे डोळे चांगले आहेत. तिनं लिहिलं. पाचवं उद्या सकाळी करू म्हणाली आणि राहूनच गेलं. दोन दिवसांनी वही परत आली. पहिल्या तिन्हींवर बरोबरची खूण. चौथ्याभोवती लाल गोल, आणि बाजूला बाईंनी लिहिलेलं — डोळे खरंच चांगले नसतील तर ही व्हाइट लाय होणार नाही, त्या माणसाचं नुकसान होईल.

आता बोला. बोलू नका, बघा माझ्याकडे — उजेडाकडे. नुकसान. त्या बाई वर्गात बसून ठरवणार नुकसान कशानं होतं ते. त्यांना काय माहीत? माझ्या या खुर्चीत एक ड्रायव्हर बसला होता, तुमच्या मिस्टरांच्या आधीचा, एकोणीस वर्षं झाली. बावन्न वय. डोक्यावर टोपी उलटी घालायचा म्हणून सगळे त्याला उलट्या टोपीवाला म्हणत. त्याला काचबिंदू निघाला. काचबिंदू दुखत नाही वहिनी, एवढी त्याची सभ्यता. कडेनं खात येतो. समोरचं अक्षर शेवटपर्यंत नीट दिसतं, तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ माणूस घडाघडा वाचतो, आणि कडेचं सगळं गेलेलं असतं — आणि गेलंय हे त्याला कळतसुद्धा नाही, कारण तिथे काळोख दिसत नाही, काहीच दिसत नाही. मी तेव्हा तरुण होतो, म्हणजे तसा तरुण नव्हतो, पण डोक्यात हवा होती. सांगितलं तोंडावर. बस डेपोच्या फॉर्मवर अयोग्य म्हणून पांढऱ्यावर काळं केलं, सही, शिक्का. त्यानं फॉर्म घडी घालून खिशात ठेवला, मला नमस्कार केला, पायऱ्या उतरला. घरी गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला, चष्मा ठेवला या काचेवर आणि म्हणाला, हा तुमचा तुमच्याकडे ठेवा. एवढंच. एक शब्द जास्त नाही. ते नुकसान त्या बाईंनी कुठल्या रंगात मांडलं असतं, सांगा ना.

तेव्हापासून ठरवलं. हे खरं आहे वहिनी, त्याच्यामुळेच ठरवलं. — हां, म्हणजे त्याच आठवड्यात डेपोचे साहेबही आले होते, ते वेगळं. ते म्हणाले, काका, वर्षाला दहा-दहा ड्रायव्हर तुम्ही घरी बसवायला लागलात तर गाड्या कोण काढणार, तुम्ही का? खालच्या रस्त्याला नवीन दुकान झालंय, तिथले लोक समजूतदार आहेत म्हणे. आता दोनशे चाळीस ड्रायव्हर, दरवर्षी प्रत्येकाची तपासणी, त्यातल्या निम्म्यांचे चष्मे, त्यांच्या बायकांचे, पोरांचे — पण ते कारण नव्हतं. ते आपलं त्याच वेळी घडलं इतकंच. तुम्ही माझ्याकडे अशा बघू नका, म्हणजे उजेडाकडे बघा, मी मधे येतोय.

दुसरा डोळा. उजवीकडे सरका थोड्या. हनुवटी — हां.

तुमच्या मिस्टरांचं सांगतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ते बसले असेच, तुमच्या जागी. मी नेहमी बोट हलवून बघतो, यंत्र नाही लागत त्याला — माझ्या नाकाकडे बघा म्हणायचं, आणि कानामागून बोट हळूहळू पुढे आणायचं, दिसलं की सांगा. उजवीकडे लगेच म्हणाले दिसलं. डावीकडे बोट आणतोय, आणतोय, पार गालापर्यंत आलं, आणि ते शांतपणे माझ्या नाकाकडे बघत बसलेले, वाट बघत. म्हणाले, काका, सुरू करा की. मी म्हटलं करतोच आहे. — मी आत बघितलं. मागची नस पांढरीफटक पडलेली, वाटीसारखी खोल गेलेली. मला कळायला दोन सेकंद पुरले. आणि त्या दोन सेकंदांत मी काय काय आठवलं सांगू? ते येताना सांगत होते की घराचं वरचं छत घालायला काढलंय. धाकट्याला शाळेत घातलंय. तुमच्या सासूबाईंचं गुडघ्याचं. मग मी म्हटलं, डोळे कोरडे पडलेत हो, ऊन आणि धूळ, दुसरं काय. हे थेंब घाला दिवसातून दोनदा. पाण्यासारखेच असतात ते, अपाय नाही काही. आणि गाडी चालवताना मान वळवत राहा, डावीकडे, उजवीकडे, रक्त फिरतं राहतं, मानेला बरं असतं. बघा, म्हणजे मी त्यांना वाऱ्यावर नाही सोडलं. मान वळवली की कडेचं समोर येतं. मी उपाय सांगितला होता, फक्त आजार सांगितला नाही. वळवायचे ना ते मान? जेवताना, बोलताना? तुम्ही हसायचात म्हणे, काय कबुतरासारखं करता. त्यांनीच सांगितलं मला. तीन वर्षं त्या मानेवर निभलं.

का नाही सांगितलं — अहो, खरं सांगितलं असतं तर तो माणूस तिथून उठून थेट डेपोत गेला असता आणि चाव्या टेबलावर ठेवल्या असत्या. तसा सरळ माणूस. मला माहीत होतं ना. तेच तर.

— अं? नाही, काही नाही. बाहुली मोठी झाली तुमची. हे लोक म्हणतात ना डोळ्यांवर पडदा येतो, तसं काही नसतं, डोळा आपला चालतच असतो.

बरं, आता ते कार्ड. तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला सांगितलं असणार की काका पेन्सिलीनं कार्डावर अर्धं वर्तुळ काढतात आणि त्यात रेघा मारतात. विचारलं होतं त्यांनी मला एकदा, काका हे काय, मी म्हटलं सवय आहे. बरोबर आहे, सवयच आहे. फॉर्म डेपोचा, शाईचा, त्यावर योग्य. कार्ड माझं, पेन्सिलीचं. जेवढं दिसत नाही तेवढा भाग काळा करायचा, दरवर्षी थोडा वाढवायचा. कुणाला दाखवायला नाही हो. कुठेतरी खरं लिहून ठेवलेलं असलं की बाहेर खोटं बोलायला बरं वाटतं. तुम्हाला हे पटणार नाही. नातीला पटलं होतं. ती पोर मात्र हुशार, वहीतला तो लाल गोल दाखवून मला विचारते, आजोबा, समजा एखादी व्हाइट लाय सांगितली, आणि नंतर कुणाचं तरी नुकसान झालं, तर तिचा रंग मागनं बदलतो का? मी म्हटलं, जा, आईला विचार.

कारण ते नुकतंच झालं होतं. तुमच्या मिस्टरांचं, त्या वळणावरचं. सकाळी साडेआठ, औषधांच्या दुकानासमोर, डावीकडून सायकलवर ती मुलगी. एकोणीस वर्षांची. तुमचे मिस्टर पोलिसांना तेच तेच सांगत राहिले, मला दिसलीच नाही, मला दिसलीच नाही — आणि पोलीस म्हणाले, दिसली नाही म्हणजे लक्ष कुठे होतं, फोनवर होतास का? मी इथून ऐकत होतो, माणसं येऊन सांगायची. आणि मला एकट्याला माहीत होतं की तो माणूस अक्षरशः खरं बोलतोय.

दहा वाजता पोलीस आला इथे. पिशवीत चष्मा घेऊन. उजवी काच गेलेली, डावी शाबूत. मुलीजवळ दुसरं काही सापडलं नव्हतं, पिशवी कुठे उडाली देव जाणे. हा आसपासच्या कुठल्या दुकानातला आहे का, कुणाचा आहे, सांगता येईल का, म्हणाला. मी काच यंत्राखाली धरली. वजा सव्वादोन. निळी फ्रेम, कानाजवळ मी स्वतः तापवून वळवलेली, कारण तिचा एक कान जरा वर होता. तिला पहिला चष्मा मी दिला होता, सात वर्षांची असताना, तिचा बाप हात धरून घेऊन आला होता. या भागातल्या सगळ्यांचे डोळे माझ्याकडेच येतात वहिनी. गाडी चालवणाऱ्याचे आणि रस्ता ओलांडणाऱ्याचेही.

मी म्हटलं, असे चष्मे कुठेही मिळतात हो, हा आमच्याकडचा नाही.

का म्हणजे? सुचलं ते बोललो. आणि मग विचार केला तर ते बरोबरच होतं. त्यांना ओळख पटवायला बारा वाजले. म्हणजे दोन तास. दोन तास त्या बापाची मुलगी जिवंत होती. तो त्याच्या कामावर होता, चहा प्यायला असेल, कुणाशी तरी हसला असेल. ते दोन तास मी दिले त्याला. याला कोणता रंग द्यायचा ते त्या बाईंना नेऊन विचारा. चौथ्या वाक्याला गोल मारला, पाचवं मी लिहून देतो म्हणावं.

... पाणी देऊ का तुम्हाला? नको. बरं, नका बोलू. तसंही झालंच आहे बघून. एक मिनिट फक्त.

कार्ड, कार्ड. फाडलं मी ते. त्याच दिवशी. चुरगाळलं, बारीक तुकडे केले आणि — कुठे बघताय? खणाकडे नका बघू, उजेडाकडे बघा. काय आहे त्या खणात, जुने स्क्रू, नाकपट्ट्या, तुटक्या काड्या. वहिनी, हनुवटी उचलू नका म्हटलं ना मी. — बरं. बरं, बसा. बसून बोला. दिवा लावतो.

आहे. आहे कार्ड. फाडवलं नाही. फाडायला घेतलं होतं, वरचा कोपरा फाटलाय थोडा. पण ऐका, आता शांतपणे ऐका माझं, तुम्ही शहाण्या आहात. हे बघा, हे रबर लावलेलं बंडल. किती जाड आहे? आठ कार्डं. सगळ्यात वरचं तुमच्या मिस्टरांचं, हा बघा फाटका कोपरा. हे मी तुम्हाला दिलं, तुम्ही उद्या कोर्टात दिलंत, वकिलानं उभं राहून दाखवलं की बघा, याला दिसत नव्हतं आणि याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग? मिस्टर सुटतील. मी आत जाईन, ते सोडा, माझं वय झालं. पण कोर्ट विचारेल ना, आणखी कुणाचे असे? मग ही खालची सात. सात घरं, वहिनी. एकाच्या पोरीचं लग्न ठरलंय. एकाची बायको अंथरुणाला खिळलेली. एक तर अजून चाळिशीतसुद्धा नाही. एकाच दिवशी सातही घरी बसतील. तुम्ही चार महिने काय काढलेत ते तुम्हाला माहीत आहे, तेच सात बायकांच्या गळ्यात घालणार? एवढ्यासाठी मी सांगतो, एकच वाक्य. उद्या विचारलं तर म्हणायचं, मी दुकानात गेले होते, काकांकडे असं कार्ड नाही. बस. एवढीशी. पांढरी. सात घरांच्या भल्यासाठी. आणि डोळ्यांचं म्हणाल तर मी बघतो ना, ओळखीचे डॉक्टर आहेत, आतमध्ये खरे थेंब पोचवायची व्यवस्था करतो, उरलंय ते तरी वाचेल. तीन वर्षं गेली म्हणा त्यात. उजवा डोळा वाचेल.

रडू नका. अहो मी काही वाईट माणूस नाही. सातही जणांना मी सांगून ठेवलंय, मान वळवत राहा. दर महिन्याला डेपोत चक्कर मारून विचारतो, थेंब घालता ना, मान वळवता ना. आणि लांबच्या गाड्यांवर त्यांना घालू नका म्हणून साहेबांच्या कानावर घातलं, आडून, तसं स्पष्ट नाही बोललो. साहेबांनी ऐकलं बिचाऱ्यांनी. हल्ली सातांतले चार तर शाळांच्या गाड्यांवर असतात. सावकाश चालवायचं, ठरलेले थांबे, ठरलेला रस्ता. काय धोका त्यात?

... काय झालं?

नाही, सगळ्या शाळा नाही. डेपोकडे तीनच शाळांचं काम आहे. टेकडीवरची, चर्चच्या मागची आणि ती नवीन, पाण्याच्या टाकीजवळची. — टाकीजवळची? अच्छा, धाकटा तिथे आहे तुमचा. मोठा झाला असेल. दुसरीत? वा. — कुठल्या गाडीनं जातो? नऊ नंबर.

नऊ नंबर. थांबा हं, आठवू द्या. नऊवर कोण असतं — तो मिशीवाला. अहो फार चांगला माणूस. पोरांना खाऊ देतो खिशातून. एकदा एका पोरीची चप्पल गाडीत राहिली तर संध्याकाळी घरी नेऊन दिली त्यानं. वीस वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला. तुम्ही अगदी निर्धास्त राहा.

डोळे? डोळ्यांचं काय, डोळे — ठीक आहेत. वयोमानानुसार थोडं असतंच. चांगले आहेत हो.

नका बघू त्यात. तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही, ते माझ्या खुणांनी केलेलं असतं. वहिनी, बंडल द्या इकडे. ते तिसरं कार्ड तसं जुनं आहे, त्यानंतर मी त्याला परत — त्या रेघा म्हणजे नुसत्या — द्या. ओढू नका, रबर तुटेल.

तुटलं.

हो. ते त्याचं. एवढा भाग काळा का? कारण तेवढा — मी सांगितलं ना, थोडं असतं. ही कुठली बाजू म्हणजे? माझ्याकडे असं बघू नका. मी तुम्हाला सांगतोय ना, चांगले आहेत त्याचे डोळे, मी चाळीस वर्षं हे काम करतोय, मी म्हणतोय तर — चांगलेच —

दाराची बाजू आहे ती. पोरं उतरतात ती. चाकाजवळ कुणी उभं राहिलं तर त्याला दिसत नाही. गेल्या वर्षापासून नाही दिसत. मान वळवायचाही कंटाळा करतो तो, मानदुखी आहे त्याला.

शाळा किती वाजता सुटते? आत्ता चार चाळीस झालेत. तुमच्या थांब्यावर गाडी किती वाजता —

कार्डं राहू द्या, सगळी न्या, माझ्याशी बोलत बसू नका. दार आत ओढून उघडतं. पळा.